आई-बाबांना जपानमधल्या श्राइनमध्ये नेताना: टाळ्या, नमस्कार आणि सुतकाचा प्रश्न

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ५ ते १४ एप्रिल ट्रिप, आधी टोकियो मग ११ पासून क्योतो, बरोबर आई-बाबा आणि नऊ वर्षांची लेक. आईंना "तिथल्या देवळात" हात जोडायचेत, बाबा म्हणतायत दुसऱ्यांच्या देवापुढे टाळ्या वाजवायचं नाटक नको, आपण बाहेरूनच बघू. आणि अगदी शेवटी एका ओळीत लिहिलंत की बाबांची आई २० फेब्रुवारीला गेली, आपलं तेरावं-चौदावं सगळं झालंय, तरी असं जाणं बरं दिसतं का.

मी अकरा वर्षं कान्साईत, म्हणजे क्योतो-ओसाकाच्या भागात राहते आणि मराठी कुटुंबांना, छोट्या ग्रुपना फिरवते. बहुतेक लोक मला स्टेप्स विचारतात, किती वेळा वाकायचं, किती टाळ्या, कुठला हात आधी. त्या खाली लिहितेच, पण मला वाटतं तुमची खरी अडचण ती शेवटची ओळ आहे. स्टेप्स चुकल्या तर जपानमध्ये कोणी काही म्हणत नाही, कित्येक जपानी तरुण सुद्धा आधी शेजारच्याकडे बघतात आणि मग वाकतात. सुतकाचं मात्र तिथेही मनापासून पाळतात, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते.

हो, जपानमध्ये सुतक आहे. शिंतो, म्हणजे जपानचा मूळचा धर्म, त्यात जवळचं माणूस गेलं की ५० दिवस श्राइनची, म्हणजे शिंतो देवळाची तोरी, म्हणजे ते प्रवेशद्वार, ओलांडायची नाही अशी रीत आहे. माझ्या शेजारच्या आजींचे यजमान गेले तेव्हा मी भेटायला गेले होते, तर भिंतीवर उंचावर असतो तो त्यांचा छोटा लाकडी देव्हारा, त्याच्या पुढ्यात साधा पांढरा कागद चिकटवलेला. रोजचं पाणी, तांदूळ, मीठ ठेवणं बंद. पन्नास दिवस झाल्यावर कागद काढला आणि पुन्हा सुरू. मला एकदम आमच्या घरी सुतकात पूजा बंद असायची ते आठवलं. यात गेलेल्या माणसाला अपवित्र म्हणणं नाहीये, दुःखाने माणसाची शक्ती आटलेली असते, अशा वेळी देवाच्या दारात जायचं नाही, घरीच राहायचं, असं मला तिथल्या लोकांनी समजावलंय आणि मला ते पटतं.

आता हे तुम्हाला लागू आहे का? सक्ती म्हणाल तर अजिबात नाही. परदेशी पाहुण्याला कोणी विचारत नाही, दारावर पाटी नसते, आणि आपल्या रीतीने तुम्ही मोकळे झालाच आहात. पण तुम्ही विचारलंत याचा अर्थ मनात आहे, आणि मला राहून राहून वाटतंय की बाबांच्या "नाटक नको" मागेही थोडं हेच असेल. आई जाऊन दीड महिना झालेला माणूस आहे तो. म्हणून मी काय करेन सांगते. २० फेब्रुवारी हा पहिला दिवस धरला तर पन्नासावा दिवस येतो १० एप्रिलला, आणि तुम्ही क्योतोला ११ ला पोचताय! म्हणजे टोकियोत फक्त बौद्ध मंदिरं करा आणि श्राइन सगळी क्योतोत ठेवा. बौद्ध मंदिरात जायला सुतकाची आडकाठी नसते, उलट गेलेल्या माणसासाठी तिथेच जातात. एवढा प्लॅन बदललात की त्यांची रीतही सांभाळली जाते आणि तुमचं काही बुडतही नाही.

यासाठी श्राइन आणि मंदिर यातला फरक नीट कळायला हवा, कारण आपण दोन्हीला देऊळच म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. नावात जिंजा, जिंगू, ताइशा असलं की ते शिंतो श्राइन. नावाच्या शेवटी जी, देरा, इन असलं की बहुतेक वेळा बौद्ध मंदिर. जपानी नकाशावर तर आणखी सोपं आहे, श्राइनला तोरीचं चिन्ह असतं आणि मंदिराला स्वस्तिकाचं, फक्त आपल्या दारावरच्या स्वस्तिकाच्या उलट दिशेचं. लेकीला नकाशा हातात द्या, ती शोधून काढेल. मंदिरात टाळ्या वाजवायच्या नाहीत, शांतपणे हात जोडायचे, उदबत्ती लावतात ती मंदिरात. श्राइनमध्ये टाळ्या असतात आणि उदबत्ती नसते. माझ्या एका ग्रुपमधले काका यूट्यूबवर बघून आले होते आणि त्यांनी सेन्सोजी या बौद्ध मंदिरात दोन खणखणीत टाळ्या वाजवल्या, आजूबाजूचे लोक नुसतेच हसरे चेहरे करून बाजूला झाले पण काका दिवसभर ओशाळलेले होते, मलाच वाईट वाटलं की मी आधी सांगायला हवं होतं.

टोकियोत सेन्सोजी कराच, आसाकुसातलं. ते कान्नोनचं मंदिर, म्हणजे आपले अवलोकितेश्वर. कथा अशी की ६२८ साली दोन कोळी भावांना सुमिदा नदीत जाळ्यात मूर्ती सापडली आणि तिथून हे सुरू झालं. मुख्य इमारतीच्या उजव्या हाताला एक दगडी तोरी दिसेल, ते आसाकुसा जिंजा, त्या दोन भावांना आणि गावच्या मुखियाला देव मानून बांधलेलं. ते श्राइन आहे, म्हणजे ५० दिवस पाळायचे असतील तर त्या तोरीतून आत जाऊ नका, एकाच आवारात असल्यामुळे लोक नकळत जातात. मेइजी जिंगू तुमच्या यादीत असेल तर या वेळी सोडा. ते जंगल फार सुंदर आहे, शंभर वर्षांपूर्वी देशभरातून आलेली जवळपास एक लाख झाडं माणसांनी लावून उभं केलेलं, पण त्यासाठी आधी तोरीखालून जावंच लागतं.

आणि सेन्सोजीपासून दहा-पंधरा मिनिटं चालत मात्सुचियामा शोदेन नावाचं छोटं मंदिर आहे, तिथे आईंना नक्की न्या. तिथला देव कांगितेन म्हणजे आपला गणपती! बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे गेलेला. मूर्ती दाखवत नाहीत, ती कायम बंद असते, दोन हत्तीमुखी आकृती एकमेकांना मिठी मारलेल्या असं त्याचं रूप असतं. मोदक-दुर्वा शोधू नका, तिथे वाहतात पांढरा मुळा. अख्खा, जाडजूड जपानी मुळा, मंदिरातच विकत मिळतो, तो देवापुढे ठेवायचा. आणि वाहून झालेले मुळे लोकांना घरी न्यायला ठेवलेले असतात, म्हणजे सरळ प्रसादच. एक सांगलीच्या काकू तो मुळा कवटाळून हॉटेलवर आल्या होत्या, किसून लिंबू-मीठ घालून सगळ्यांना दिला त्यांनी. टेकडीवर आहे, पण चढायला एक छोटी रुळावरची गाडी आहे त्यामुळे गुडघ्यांचं टेन्शन नको. बाबांनाही तिथे त्यांच्या आईसाठी हात जोडावेसे वाटले तर ते श्राइन नसल्यामुळे कसलीच अडचण नाही.

आता ११ तारखेनंतरचं क्योतो. सगळे फुशिमी इनारीला, त्या लाल तोरींच्या रांगा असलेल्या श्राइनला जातात, तुम्हीही जाल, पण आई-बाबांसाठी माझी पहिली पसंती शिमोगामो जिंजा. देमाचियानागी स्टेशनवरून दहा-बारा मिनिटं चालत. आधी एक जुनं रान लागतं, तादासु नो मोरी, क्योतो शहरातच राखून ठेवलेलं, त्याच्या मधून सरळ रस्ता आणि शेवटी लाल तोरी. आपल्याकडे कोकणात देवराई असते ना, कुऱ्हाड लावायची नाही असं रान, अगदी तोच भाव. आई विचारतील "देव कुठाय?" हा प्रश्न मला प्रत्येक ग्रुपमध्ये येतो. श्राइनमध्ये दर्शनासाठी मूर्ती ठेवलेली नसते. आत बंद दारामागे एखादा आरसा, तलवार असं काही असतं ज्यात कामीचा, म्हणजे शिंतो देवाचा वास मानतात, ते कोणी बघत नाही. कित्येक ठिकाणी तर झाड, डोंगर, धबधबा हाच देव. मोठ्या झाडाला जाड दोर बांधलेला आणि त्याला पांढऱ्या कागदाच्या घड्या लटकवलेल्या दिसल्या की समजायचं हे झाड नुसतं झाड नाही. आपल्या बायका वडाला सूत गुंडाळतात, त्यामुळे आईंना हे समजावून सांगावं लागणार नाही, त्या आपणहून हात जोडतील. शिंतोमध्ये ८० लाख देव म्हणतात, म्हणजे मोजता न येण्याइतके, आपल्या तेहतीस कोटींसारखंच.

रीत कशी ते एकदा ओळीने सांगते. तोरीपाशी थांबून एकदा थोडं वाकायचं, नमस्कार केलात तरी चालतो. मग रस्त्याच्या मधून न चालता कडेने चालायचं, मधली वाट देवाची. गर्दीत हे कोणालाच जमत नाही, तेव्हा जीव टांगणीला लावू नका. जाता जाता एक, तोरी हा शब्द आपल्या तोरणावरूनच आला असं लोक ठासून सांगतात, पण अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही, तेव्हा तिथल्या माणसाला छातीठोकपणे सांगू नका.

मग पाण्याची जागा येते, दगडी कुंड आणि लांब दांड्याचे लाकडी किंवा बांबूचे पळे. हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि इथेच लोक घाई करतात. उजव्या हाताने पळा भरून घ्यायचा, तोही एकदाच, त्या एका पळ्यात सगळं भागवायचं. थोडं डाव्या हातावर, मग हात बदलून उजव्या हातावर, पुन्हा उजव्या हातात पळा घेऊन डाव्या ओंजळीत थोडं पाणी घेऊन चूळ भरायची, पळ्याला ओठ लावायचा नाही, उष्टं करायचं नाही म्हणजे नाही, आणि चूळ कुंडात न टाकता खाली दगडांवर टाकायची. मग डावा हात पुन्हा धुवायचा आणि शेवटी पळा दोन्ही हातांनी उभा धरायचा, की उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळत खाली येतं आणि तुम्ही धरलेला दांडा पुढच्या माणसासाठी धुतला जातो. हे मी पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा फार छान वाटलं होतं, मागून येणाऱ्या अनोळखी माणसाचा विचार त्या छोट्याशा कृतीत बसवलाय. कोरोनानंतर बऱ्याच ठिकाणी पळे काढलेत आणि बांबूतून पाणी पडतं, तिथे नुसते हात धुवायचे. चूळ नको वाटली तर नका भरू.

पुढे मुख्य गाभाऱ्यासमोर पेटी असते. नाणं हळूच टाकायचं, लांबून भिरकवायचं नाही. ५ येनचं भोकाचं नाणं शुभ मानतात कारण पाच येन म्हणजे गो-एन आणि गोएन म्हणजे ऋणानुबंध, उच्चार सारखाच. घंटा असेल तर दोर हलवून वाजवायची. मग दोनदा कमरेतून वाकायचं, दोन टाळ्या, टाळी झाल्यावर हात जोडलेलेच ठेवून मनात काय ते बोलायचं, आणि शेवटी एकदा वाकायचं. टाळी वाजवताना उजवा तळवा किंचित खाली सरकवतात आणि नंतर दोन्ही बोटं जुळवतात. इझुमो ताइशासारख्या काही ठिकाणी चार टाळ्या असतात पण तुमच्या रूटवर तसं काही नाही. मनात आधी स्वतःचं नाव-गाव सांगायचं, मग आभार, मग मागणं असेल तर, असं मला इथल्या लोकांनी शिकवलं. मराठीतच सांगा.

चपला? अंगणात काढायच्या नाहीत, तुम्ही बाहेरूनच दर्शन घेता. आत बसून विधी करायचा असेल तरच काढतात, त्याचे पैसे भरून आधी नाव नोंदवायचं असतं. चामड्याचा पट्टा, पर्स चालते, मी कधी कोणाला अडवलेलं बघितलं नाही. पाळीबद्दल पण विचारलं जातं म्हणून लिहिते, जुन्या काळी नियम होते, आज कोणी विचारत नाही, ज्याचं त्याने ठरवावं.

आईंसाठी दोन-तीन गोष्टी मात्र आधी सांगून ठेवा. नारळ, फुलं, हळद-कुंकू, पेढे न्यायचे नाहीत. मनाई म्हणून चिडून कोणी बोलणार नाही, पण कोणीतरी नंतर ते उचलत बसतं. एका काकूंनी घरून आणलेले पेढे फुशिमी इनारीतल्या कोल्ह्याच्या मूर्तीपुढे कागदावर ठेवले, भाव खूप सुंदर होता, पण डोळे मिटून हात जोडेपर्यंत वरून कावळा आला आणि कागदासकट पेढा घेऊन गेला, दुसरा कावळा पर्सकडे बघायला लागला आणि लहान मुलं किंचाळली. तिथले कावळे आपल्यापेक्षा चांगलेच दांडगे असतात. साष्टांग घालू नका, खाली खडी असते आणि मागे रांग. प्रदक्षिणेला बहुतेक ठिकाणी वाट नसते. नुसता आपला नमस्कार, हात जोडून डोळे मिटून, एकदम चालतो, दोन टाळ्या केल्याच पाहिजेत असं अजिबात नाही. मी स्वतः टाळ्या वाजवून झाल्यावर हात कपाळाला लावते, सवयच आहे, आजवर कोणी वळून बघितलं नाही.

बाबांबद्दल माझं स्पष्ट मत असं की त्यांना आग्रह करू नका. मनात नसताना केलेली कृती म्हणजे नाटक, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. त्यांनी हात धुवावेत, कडेला शांत उभं राहावं, टोपी काढावी, बास, त्यात आदर पूर्ण येतो. तुम्ही त्यांचा धर्म घेताय का, मानता का, असं तिथे कोणीच विचारत नाही, जपानी माणूस स्वतः बाळाला श्राइनमध्ये नेतो आणि अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करतो. बाबांना इतिहासाची आवड असेल तर त्यांना एक गोष्ट दाखवा. श्राइनच्या दारात सिंहासारखे दोन दगडी प्राणी असतात, एकाचं तोंड उघडं एकाचं मिटलेलं. उघडा म्हणतो "आ", मिटलेला म्हणतो "उन". हे संस्कृतातले आवाज बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचलेले, आणि त्यांना आपल्या ओम्‌शी जोडतात. १८६८ साली सरकारने हुकूम काढून शिंतो आणि बौद्ध वेगळे केले, त्याआधी शेकडो वर्षं दोन्ही एकाच अंगणात नांदत होते, म्हणून अशा खुणा अजून सापडतात.

लेकीची मजा आहे. शिमोगामोमध्ये मुख्य जागेसमोर सात छोटी देवळं आहेत, बारा राशीप्राण्यांची मिळून, आपल्या जन्मवर्षाच्या प्राण्यापुढे हात जोडायचे. ती २०१७ची असेल तर कोंबडा. शेजारचं मिताराशी तळं दाखवा, मिताराशी दांगो नावाचे काडीवरचे गोळे याच तळ्यावरून आले असं म्हणतात, तांदळाच्या पिठाचे असतात, पण वरच्या सॉसमध्ये कधी माशाचं पाणी असतं, आई कट्टर शाकाहारी असतील तर विचारून घ्या. ओमिकुजी, म्हणजे भविष्याची चिठ्ठी, वाईट निघाली तर तिथल्या दोरीला बांधून यायची, लेकीला हे आधीच सांगा नाहीतर रडारड होते. एमा ही लाकडी पाटी, तिच्यावर इच्छा लिहून टांगतात, दुसऱ्यांच्या पाट्यांचे क्लोजअप फोटो काढू नका, लोकांनी आजारपणं, परीक्षा, मुलं होणं असलं काय काय मनातलं लिहिलेलं असतं. ओमामोरी म्हणजे ताईत, उघडून बघायचा नाही. गाभाऱ्याच्या आतले फोटो बहुतेक ठिकाणी नको असतात, लग्नाची वरात दिसली तर बाजूला होऊन जाऊ द्या.

फुशिमी इनारी करायचं तर सकाळी सातच्या आत पोचा. २४ तास उघडं असतं, तिकीट नाही, इनारी स्टेशनच्या अगदी समोर. नऊनंतर त्या तोरींच्या बोगद्यात फक्त सेल्फी स्टिक दिसतात. सगळा डोंगर २३३ मीटरचा आहे, पूर्ण फेरीला दोन-तीन तास लागतात, पण आई-बाबांनी पहिल्या टप्प्यापर्यंत, ओकुशापर्यंत गेलं तरी पुरे, पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. तिथे दोन दगड आहेत, मनात इच्छा धरून दगड उचलायचा, वाटला त्यापेक्षा हलका लागला तर इच्छा पुरी होते. परत येताना तोरींच्या मागच्या बाजूला बघा, प्रत्येकीवर देणाऱ्याचं नाव आणि तारीख कोरलेली असते, जाताना ती दिसत नाहीत. आपल्या देवळात पायऱ्यांवर नावं असतात ना, तसंच.

थोडक्यात क्रम असा: टोकियोत सेन्सोजी आणि मात्सुचियामा, श्राइन नाही. क्योतोत एका दिवशी शिमोगामो निवांत, दुसऱ्या दिवशी पहाटे फुशिमी. दिवसाला एकच श्राइन, दोनाच्या वर गेलात की आईंचे पाय आणि बाबांचा मूड दोन्ही जाईल. सुट्टी नाणी जवळ ठेवा. बूट मऊ तळव्याचे घ्या, श्राइनमधली खडी गुडघ्यांना त्रास देते.

आणि पन्नास दिवसांचं बाबांना निघायच्या आधी घरीच सांगा, तिथे तोरीसमोर उभं राहून नको. काही लोक गेल्याच्या दिवसापासून मोजतात, काही दुसऱ्या दिवसापासून, त्यामुळे ११ ला नुसतं क्योतोला पोचून आराम करा आणि पहिलं श्राइन १२ ला सकाळी ठेवा, म्हणजे कसंही मोजलं तरी बाबांच्या मनात शंका राहणार नाही.